पेंडीच्या पोत्यांवरून कारवार

परत येऊन महिना होत आला, पण समुद्र कसा होता हे मला अजून एकानेही विचारलेलं नाही. शाळेत, विहिरीवर, परतूरच्या बाजारात, सगळीकडे प्रश्न दोनच. ट्रकमध्ये चार माणसं झोपलात कुठं, आणि कुत्री कशाला नेली? सांगून सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून लिहायला बसले. ज्यांना वाचता येतं त्यांनी वाचावं आणि बाकीच्यांना सांगावं. मी आता पुन्हा सांगणार नाही.

आधी आम्ही कोण ते सांगते. वाटूरपासून दोन कोसांवरच्या एका गावात मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमचे हे ट्रक ड्रायव्हर, परतूरच्या एका शेठच्या गाडीवर. लग्नाला अठरा वर्षं झाली. त्यात हे सलग आठ दिवस घरी राहिले ते एकदाच, टायफॉइड झाला तेव्हा, आणि तेव्हाही निम्मा वेळ ते शुद्धीवर नव्हते. एरवी महिन्यातून दोनदा यायचं, दोन दिवस राहायचं आणि निघायचं. ते आले की मी ठेवणीतलं ताट काढायची, धुतलेली चादर अंथरायची. आमची सुजाता सोळा वर्षांची. ती वडिलांशी शाळातपासणीला आलेल्या साहेबांशी बोलावं तशी बोलायची. मिलिंद चौदाचा. एरवी घर डोक्यावर घेणारं हे पोरगं वडिलांसमोर भिंतीला टेकून गप्प बसायचं. आणि आमची दोन कुत्री यांच्यावर भुंकायची. म्हातारा तो शिपाई, कारण तो रोज माझ्यामागे शाळेत येऊन दाराशी बसतो. तरणी ती भिंगरी. पोस्टमनवर ही कुत्री भुंकत नाहीत, पण घरचा धनी आपल्याच अंगणात हातात पिशवी घेऊन उभा आणि मुलं कुत्र्यांना आवरताहेत, हा देखावा गल्लीने महिन्यातून दोनदा फुकट पाहिला.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा हा तिसरा उन्हाळा. शाळेला सुटी लागली आणि हे घरी आले ते एक बातमी घेऊन. शेठ जुना ट्रक काढून नवा घेणार होते. नवा ट्रक कलकत्त्याच्या लाइनीवर चालणार, म्हणजे घरी येणं दोन महिन्यांतून एकदा, निदान पाच वर्षं. ते नको असेल तर शेठच्याच टेम्पोवर परतूर-जालना माल न्यायचा आणि रोज संध्याकाळी घरी यायचं. शेठना उत्तर हवं होतं. तोवर जुन्या गाडीची शेवटची खेप उरली होती: हुबळीला सरकीची पेंड पोचवायची आणि कारवारकडून नारळ भरून आणायचे. शेठ चांगल्या मनाने म्हणाले होते, की या खेपेला घरच्यांनाही घेऊन जा.

मी विचारलं, कलकत्त्याचं काय ठरवलंत? हे म्हणाले, तू सांगशील तसं.

मला राग आला. अठरा वर्षांत एकदा विचारलं नाही आणि आता सगळं माझ्या पदरात टाकून मोकळे. तुम्हाला काय वाटतं, असं मी तीनदा विचारलं आणि तीनदा ऐकलं, की माझं काय, तू सांग. आणि खरं सांगते, हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही: मला काय सांगावं ते माहीत नव्हतं. मला यांच्याशिवाय राहायची सवय झाली होती. घर माझ्या हाताने चालत होतं आणि बरं चालत होतं. रोज संध्याकाळी एक माणूस दारात येऊन उभा राहणार, या कल्पनेने आनंद व्हायला हवा होता. मला धास्ती वाटली. मी मनाशी ठरवलं, की जोवर हे स्वतःच्या तोंडाने स्वतःचं सांगत नाहीत तोवर मीही उत्तर देणार नाही.

मग कुत्र्यांचा प्रश्न आला. मी म्हटलं, शेजारी ठेवू. तेव्हा मात्र हे ठाम बोलले. "दोघं बी येतील. मी घरी आलो की हेच पहिले हाकलतेत मला. एकदा बराबर वळख होऊ द्या."

वाटूर ते येडशी

परतूरला पोती भरली ती यांनी मुद्दाम एकाच थराने, सपाट. त्यावर गवत, गवतावर सतरंज्या, वर बांबू वाकवून ताडपत्री. मागे उतरायला लाकडी शिडी. एका कोपऱ्यात दोरीने जखडलेला माठ, दुसऱ्या कोपऱ्यात स्टोव्ह, धपाट्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी. झोपलात कुठं, याचं उत्तर मिळालं ना? पेंडीला एक वास असतो. पहिल्या दिवशी तो नाकात बसतो, तिसऱ्या दिवशी तो आपल्यालाच येतो आणि मग काही वाटत नाही. शिपाईने पहिल्या तासात एक पोतं कुरतडून पेंड खाल्ली आणि त्याचे परिणाम आम्ही जालन्यापर्यंत भोगले.

केबिनमध्ये शेठच्या देवीच्या तसबिरीशेजारी यांनी बुद्धाचं एक लहान चित्र चिकटवलेलं होतं. चारी बाजूंनी उडालेलं, मध्ये तेवढं शाबूत. मी ते पहिल्यांदाच पाहिलं, कारण या केबिनमध्ये मी पहिल्यांदाच चढत होते. केबिनच्या मागच्या फळीला हातभर खिडकी होती. ती उघडली की पुढचा माणूस मागच्याशी बोलू शकतो. पुढे दोघांनाच नीट जागा, म्हणून मुलं पुढे आणि मी कुत्र्यांबरोबर मागे, अशी वाटणी झाली.

या खेपेला क्लीनर नव्हता, ते काम मिलिंदने मागून घेतलं. यांनी त्याला रीत शिकवली. मागच्या फळीवर एक थाप म्हणजे थांबा. दोन थापा म्हणजे चला. भराभर थापा म्हणजे मागे घ्या. थाप ऐकली की ड्रायव्हरने मागे वळून बघायचं नाही, विश्वास ठेवायचा. मिलिंदने ती रीत अशी आत्मसात केली, की पहिल्या दिवशी जेवताना ताटावरही दोन थापा मारल्याशिवाय घास घेतला नाही.

अंबड, वडीगोद्री करत गोदावरी ओलांडली, बीड मागे टाकलं आणि दुपारी येडशीच्या रानात एका ढाब्यावर थांबलो. ढाबेवाला सरदारजी बाहेर आला, मिलिंदकडे बघून हिंदीत म्हणाला, हात ठीक झाला का? मिलिंद गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. त्याचा हात मोडला होता गेल्या पोळ्याला. नंतर सरदारजी सुजाताकडे वळला आणि विचारता झाला, हीच का ती, केंद्रात पहिली आलेली, जिचे पेढे आम्ही खाल्ले? यांनी मान खाली घालून टायर ठोकून बघायला सुरुवात केली. घरी हेच पेढे आणले होते तेव्हा यांनी पुडा माझ्या हातात देऊन नुसतं "घे" म्हटलं होतं. सुजाता वडिलांच्या पाठीकडे बघत राहिली.

जेवण सरदारजीने केलं नाही. यांनीच केलं, त्याच्या भट्टीवर. पिठलं. पिठाची एक गाठ नाही, वरून लसणाचा तडका, असं पिठलं की मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस घरी स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्या घेत नाही. मी विचारलं, हे कधीपासून येतं? म्हणाले, वीस वर्षं झाली. मग घरी का नाही कधी केलंत? तर म्हणाले, तुझ्या घरात मीठ कुठं असतं मला काय माहीत.

तुझ्या घरात, असं म्हणाले. भांडायला मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

विजापूर

सोलापूर ओलांडलं की माती तीच, काळी, पण पाट्यांवरची अक्षरं वळतात. मी शिक्षिका, अक्षर दिसलं की वाचायला जीभ शिवशिवते, आणि इथे मी एकदम अडाणी झाले. दुसऱ्या दिवशी एका खानावळीत मात्र जिवात जीव आला, कारण पानात ज्वारीची भाकरी होती. आपल्यापेक्षा पातळ, कडक, पापडासारखी मोडणारी, सोबत वांगं आणि दाण्याची चटणी. मुलं म्हणाली, हे तर आपलंच जेवण. आणि तेवढ्यात हे मालकाशी कानडीत बोलायला लागले. एक-दोन शब्द नव्हे. हातवारे, थट्टा, हसणं सगळं कानडीत. मालकाने हसून यांच्या पाठीवर थाप मारली. मुलांची भाकरी हातात तशीच राहिली. घरी मराठीतही जो माणूस दिवसाला दहा वाक्यं बोलत नाही, तो परक्या भाषेत बडबड्या निघाला.

गोल घुमटाशी आलो तेव्हा कळलं, की हे या घुमटासमोरून निदान चाळीस वेळा गेले असतील आणि आत एकदाही नाही. भरलेली गाडी सोडून जायचं नसतं. दक्षिणेत गेले तेव्हा एक देऊळ पाहिलं नाही, मुंबईला गेले तेव्हा राणीचा बाग नाही. अख्खा देश यांनी पाहिला तो रस्त्याच्या दोन बाजूंना हात पोचेल एवढाच. आम्ही तिघं घुमट चढून गेलो. वर कुजबुजलेलं समोरच्या भिंतीपाशी ऐकू येतं, तिथे मिलिंदने भिंगरीला हाक मारली आणि ती हाक सात वेळा फिरून आली. खाली आलो तर कडुलिंबाच्या सावलीत हे बसलेले, आणि शिपाई यांच्या पायावर हनुवटी टेकून झोपलेला. भिंगरी तेवढी तीन हात अंतरावर बसून विचार करत होती. हे हलत नव्हते, पाय आखडला तरी.

मी म्हटलं, आता तुम्ही जा वर, गाडी मी राखते. नको नको म्हणाले. मी शाळेतला आवाज काढला तेव्हा गेले, सुजाता बरोबर गेली. तासाने दोघं उतरली ती हसत. वर काय झालं हे दोघांनीही मला आजपर्यंत सांगितलेलं नाही. त्या दिवसापासून सुजाता वडिलांशी नेहमीच्या आवाजात बोलायला लागली, एवढं मात्र माझ्या लक्षात आलं.

कारवार

हुबळीला पेंड उतरवली. पुढे दुपारी यल्लापूरनंतर घाट लागला आणि हिरवा रंग एवढा अंगावर आला, की मिलिंदने विचारलं, हे सगळं कुणाचं शेत आहे? आमच्याकडे मे महिन्यात नजर टाकावी तिथवर नांगरलेली ढेकळं. इथे झाडांखाली दिवसा अंधार, आणि रस्त्याच्या कडेने पाणी आपलं आपण वाहतंय, कुणी भरायलाही आलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या गावची बाया-माणसं खडी फोडून टँकरची वाट बघत उभी होती. मला ते पाणी बघून आनंद झाला आणि थोडा रागही आला.

समुद्र पाहिला तो चौथ्या दिवशी सकाळी. खरं सांगू, मला पहिल्यांदा कळलंच नाही. झाडांमागे आभाळ खाली आलंय असं वाटलं. मग ते हललं. सुजाता पळत सुटली. मी शिक्षिका आहे, वय आहे, चपला हातात घेऊन मीही पळाले. शिपाई लाटेवर भुंकला, लाट मागे गेली तेव्हा आपण जिंकलो असं समजून माझ्याकडे बघू लागला, आणि पुढच्या लाटेने त्याला उलटा केला. भिंगरी पाणी प्यायली आणि तिने जे तोंड केलं ते बघून आम्ही पोट धरून हसलो. मिलिंदही प्यायला, कुत्रीवर विश्वास न ठेवता.

नंतर मिलिंदने हट्ट धरला, की आपल्या गाडीचं चाक समुद्राला लागलं पाहिजे. कुठलाही शहाणा ड्रायव्हर असं करणार नाही. पण मुलाने पहिल्यांदाच यांच्याकडे हट्ट केला होता. यांनी ट्रक वाळूत घातला, चाक लाटेला लागलं, मिलिंदने दोन थापा मारल्या, आणि गाडी जागच्या जागी रुतून बसली. बावीस वर्षांत घाट, पूर, चिखल कशाला न हरलेला माणूस मुलाच्या हट्टाला हरला. कोळणी टोपल्या खाली ठेवून कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या आणि आपल्या बोलीत काय बोलल्या ते न कळूनही कळलं. शेवटी वीसेक माणसांनी दोर लावून गाडी ओढली. घामाने निथळलेले, ढोपरापर्यंत वाळूने माखलेले हे एवढे मोठ्याने हसले, की मी दचकले. हा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता.

जेवायला बांगड्याची आमटी आणि भात. आमच्याकडे मासा म्हणजे पूर्णा नदीचा, भाजून भाकरीबरोबर. इथे नारळ घातलेली लालभडक आमटी आणि भाताचा डोंगर. काटे काढता काढता मिलिंद रडकुंडीला आला, तेव्हा यांनी त्याच्या पानातला मासा स्वतःकडे ओढून एकेक काटा वेगळा करून परत दिला. चौदा वर्षांचा मुलगा लाजेने लाल झाला, पण खाल्लं सगळं.

दोन दिवस तिथे राहिलो. किनाऱ्यावर बसून मी पुन्हा विचारलं, कलकत्त्याचं काय? म्हणाले, तू अजून सांगितलं न्हाईस. मी म्हटलं, तुम्हीही नाही. मग दोघंही समुद्राकडे बघत राहिलो. तो काय सांगणार.

वडीगोद्री

परतीला खाली नारळाची पोती. पेंडीवर झोपलेल्या माणसाने नारळावर झोपून बघावं, पेंडीची किंमत कळते. उरलेल्या वाटेची गोष्ट सांगत नाही, तीच गावं उलट्या क्रमाने. पण शेवटच्या दिवशी सकाळी, घर चार-पाच तासांवर राहिलेलं असताना, मी हरवले. कानडी मुलखात नाही, आमच्याच वडीगोद्रीला.

चहाला थांबलो होतो. चहा झाला तशी मुलं पुढे चढली, कुत्री मागे चढली. मी तोंड धुवायला हॉटेलमागच्या हातपंपावर गेले. हे बसले आणि विचारलं, आई चढली का? मिलिंदने आरशात पाहिलं तर ताडपत्रीचा पडदा हलत होता. म्हणाला, मागं हाये. हलवत होती भिंगरी. आणि शिपाई, गाडी सुरू झाल्याच्या आनंदात, शेपूट हलवत होता. त्याची शेपटी म्हणजे सोटा. ती मागच्या फळीवर दोनदा आपटली. धप, धप. थाप ऐकल्यावर मागे वळून बघायचं नसतं.

मी पदराने तोंड पुसत आले तर ट्रक रस्त्याला लागलेला. मी धावले. धावताना हाक मारली ती जन्मभर मारत आले तीच, "अहो, अहो". वडीगोद्रीच्या फाट्यावरचे चार-सहा पुरुष वळून बघायला लागले. ट्रक तेवढा वळला नाही. अठरा वर्षं मी हा ट्रक जाताना दारातून पाहत आले, पण तेव्हा माझ्या हातात करायला काहीतरी असायचं. आता हातात नुसता ओला पदर.

हॉटेलवाली गयाबाई हात पुसत बाहेर आली. तिने मला बाकावर बसवलं आणि गाडीचा नंबर विचारला, म्हणजे कुणाबरोबर तरी पुढे निरोप धाडता येईल. मला नंबर माहीत नव्हता. माझ्या पटावरच्या त्रेचाळीस मुलांच्या जन्मतारखा मला पाठ आहेत आणि ज्या गाडीने माझं घर चालवलं तिचा नंबर मी कधी वाचला नव्हता. तेवढ्यात जालन्याची एसटी येऊन थांबली. गयाबाईने ड्रायव्हरला हाक मारून सगळं सांगितलं. तो खिडकीतून वाकून म्हणाला, ताडपत्रीचे तर दहा ट्रक भेटतील, कुणाला थांबवू? नाव सांगा.

आता गंमत बघा. मी शाळेत मुलांना शिकवते, की माणसाला नावाने हाक मारावी, त्यात मान असतो. आणि नवऱ्याचं नाव माझ्या तोंडातून लग्नातल्या उखाण्यानंतर निघालेलं नव्हतं. मी म्हटलं, सुजाताचे वडील. एसटीवाला म्हणाला, बाई, रस्त्यावर सुजाताचे वडील म्हणून हाक मारू का? मी म्हटलं, परतूरच्या शेठच्या गाडीवरचे. गयाबाई कानाशी येऊन म्हणाली, "बाई, गाडी लांब जाऊन राह्यली. लाज मंग करा." एसटीतली सगळी माणसं खिडक्यांना लागलेली.

"किसन," मी म्हटलं. मग मोठ्याने म्हटलं, वर्गात हजेरी घेते तसं. "किसन ड्रायव्हर."

एसटीवाल्याचा चेहरा उजळला. "किसनदादा? मंग तुम्ही त्या शाळेतल्या बाई का? दुष्काळात माझी गाडी शहागडच्या पुढं बंद पडल्ती, अर्धा दिवस त्यांनी दोर लावून वढली. वाटभर तुमचंच सांगून राह्यलते." तो म्हणाला, बसा गाडीत, अंबडच्या आत गाठून देतो.

बसले असते तर अर्ध्या तासात ट्रकमध्ये असते. मी नाही बसले. डोकं फिरलं म्हणा. मला वाटलं, अठरा वर्षं मी यांची वाट पाहिली ती त्यांचं काम म्हणून. आज कामासाठी नाही, फक्त माझ्यासाठी हा ट्रक मागे फिरलेला मला बघायचा होता. मी सांगितलं, की विसरून गेले त्यांनी न्यायला यावं. एसटीतल्या बायका हसल्या. एसटी गेली.

दीड तास मी गयाबाईच्या भट्टीपाशी बसून तिला कांदे चिरून दिले. मग ट्रक आला. तिकडे काय घडलं ते नंतर मुलांनी सांगितलं: अंबडच्या अलीकडे एसटीने हॉर्न देत ट्रकला मागे टाकलं, आणि सगळ्या खिडक्यांतून माणसं ओरडली, की किसन ड्रायव्हर, तुमची बायको वडीगोद्रीला राहिली.

हे उतरले. चेहरा पांढरा पडलेला. माझ्याकडे न बघता बाकावर बसले आणि गयाबाईने दिलेलं पाणी एका दमात प्यायले. मुलं मागे उभी होती. मिलिंद हसू दाबत होता, सुजाताचे डोळे भरलेले होते. मी तिला विचारलं, तू का रडतेस, राहिले तर मी होते.

सुजाता म्हणाली, "आई, बाबा सगळी वाट तुझ्याशी बोलत होते. खिडकीतून. तू मागं झोपलीस असं वाटलं त्यांना, उठवू नको म्हणले, नुसती ऐकू दे म्हणले. त्यांनी सगळं सांगितलं तुला."

"काय सांगितलं?"

ती सांगणार तोच यांनी हात वर केला. वडीगोद्रीच्या फाट्यावर गाड्या येत-जात होत्या. मी कांद्याचे हात तसेच धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, की आता हा माणूस "तू सांग" म्हणाला तर मी एसटीने घरी जाईन.

"मला कलकत्त्याला न्हाई जायचं," हे म्हणाले. "मला घरी यायचंय. पण पाव्हणा म्हणून न्हाई. ते ठेवणीतलं ताट नको मला. त्यातून जेवलो की वाटतं, उद्या निघायचंय." आणि मग, हळू, "तुला चालंल का?"

मला रडू आलं, ते मी कांद्यावर ढकललं. पण खोटं बोलायचं नव्हतं. मी म्हटलं, मला तुमच्याशिवाय राहायची सवय झाली आहे. घर माझ्या पद्धतीने चालतं. तुम्ही रोज घरी आलात तर मला जड जाईल, तुम्हालाही जाईल. आपली रोज भांडणं होतील.

"होऊ दे," हे म्हणाले. "आजवर भांडायला आपल्याला टाइम कुठं भेटला?"

मी मुलांना मागे नारळांवर पाठवलं आणि पुढे यांच्या शेजारी जाऊन बसले. पहिलं भांडण अंबड यायच्या आत झालं, खिडकीची काच उघडी ठेवायची की बंद यावरून, आणि ते जालन्यापर्यंत पुरलं.